हिब्बर्टांना लर्चर हवा

एल्डरविकच्या भाजीवाफे मंडळाच्या नोव्हेंबरच्या सभेत लेनर्ड हिब्बर्ट उभा राहिला आणि म्हणाला, "ससे माझ्यावर सोडा."

हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं, ते त्याला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. सभा संपत आली होती, चहाची किटली शिट्टी वाजवायच्या बेतात होती, आणि तो खरं तर खिडकी लावून घेऊ का, एवढंच विचारायला उठला होता. पण त्याच वेळी मंडळाचे अध्यक्ष मिस्टर क्रॅब्ट्री आपल्या लीकची करुण कहाणी सांगत होते. लीक म्हणजे पातीकांद्याचा दांडगा भाऊ. एल्डरविकमध्ये माणसाची पत त्याच्या लीकच्या घेरावर ठरते. क्रॅब्ट्री हे निवृत्त मुख्याध्यापक. ते आपले लीक पोटच्या पोरांसारखे वाढवत, आणि लागोपाठ तिसऱ्या वर्षी सशांनी ते मुळापर्यंत खाल्ले होते. सभागृहात अशी काही शांतता पसरली होती की उभ्या राहिलेल्या माणसाकडून काहीतरी भारदस्त अपेक्षित होतं. भाड्याच्या वाफ्यांत भाजी पिकवणाऱ्यांच्या या मंडळाचा लेनर्ड सचिव होता. तो बोलून गेला.

"तुम्ही?" क्रॅब्ट्री म्हणाले.

एवढा एकच शब्द. पण तीस वर्षं मुलांना बाकावर उभं करणाऱ्या माणसाच्या तोंडून तो आला होता. खाली बसायचा रस्ता लेनर्डला तिथेच बंद झाला. "मार्चच्या आत," तो म्हणाला. सभेच्या इतिवृत्तात हे वाक्य नोंदवायचं कामही सचिव म्हणून त्यालाच करावं लागलं.

तसा त्याच्या बोलण्याला अगदीच आधार नव्हता असं नाही. महिन्यापूर्वी त्याचे सासरे हॉरेस पेल, डाव्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर, एक बॅग, एक आरामखुर्ची आणि दोन फेरेट घेऊन हिब्बर्टांकडे राहायला आले होते. फेरेट अंगानं मुंगसासारखे लांबट, रंगानं साईसारखे. बिळाच्या तोंडांवर जाळी लावायची, एका बिळातून फेरेट आत सोडायचा, की आतले ससे जिवाच्या आकांतानं बाहेर पळतात आणि जाळ्यांत अडकतात. हॉरेस खाणीत होते तेव्हापासून दर रविवारी हेच करत आले होते. मेबल आणि मॉड या दोघी आता हिब्बर्टांच्या मागच्या अंगणात लाकडी खुराड्यात राहत, आणि लेनर्ड सोडून कुणालाही चावत नसत.

लेनर्ड जिल्हा कचेरीत बांधकाम परवानग्यांच्या खात्यात होता. खाणीतल्या माणसाच्या मुलीनं असल्या कागदी माणसाशी लग्न करावं, हे हॉरेसना अठरा वर्षांत पुरतं पचलेलं नव्हतं. तसं ते बोलत नसत, पण लेनर्डनं भिंतीत खिळा ठोकायला घेतला की खोलीतून निघून जात. सासऱ्यांना काय म्हणून हाक मारावी हेही लेनर्डला अठरा वर्षांत ठरवता आलं नव्हतं. तो "अं" अशी सुरुवात करून वेळ मारून नेई.

"अं... सशांचं बघायचं होतं," तो सभेहून आल्यावर म्हणाला.

हॉरेसनी वर्तमानपत्र खाली केलं. जावयाकडे त्यांनी इतक्या लक्षपूर्वक पहिल्यांदाच पाहिलं असावं.

पहिल्या शनिवारी दोघं वाफ्यांच्या कडेच्या बांधावर गेले. हॉरेस घडीच्या खुर्चीवर बसून काठीनं हुकूम सोडत होते. लेनर्डनं वाकून वाकून चौदा बिळांवर चौदा जाळी लावली. मेबल आत गेली. जमिनीखाली धडधड झाली, आणि ससे बाहेर आले. सातच्या सात ससे. फक्त ते आले, ज्यांवर जाळी नव्हती अशा सात बिळांतून.

"बिळं किती मोजली होतीस?" हॉरेसनी विचारलं.

"चौदा."

"ती तुझी मोजणी झाली. सशांनी एकवीस मोजली होती."

शेवटच्या सशामागे लेनर्ड स्वतः धावला. का धावला ते विचारू नये. पंचेचाळीस वर्षांचा, गळ्यात टाय असलेला, कचेरीत ज्याला लोक दार उघडून धरतात असा माणूस. तो शेजारच्या मिसेस टिन्सलेंच्या कोबीवरून गेला, क्रॅब्ट्रींच्या रिकाम्या वाफ्यावरून गेला आणि खताच्या ढिगात थांबला. ससा कुंपणापाशी क्षणभर थांबून मागे वळून बघत होता, हे लेनर्डच्या मनाला फार लागलं. त्यात मॉडला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, ती आत गेली आणि आतच झोपली. चार तास लेनर्ड बिळाच्या तोंडाशी पालथा पडून तिला गोड आवाजात हाका मारत होता. येणारे जाणारे थांबून बघत होते आणि सल्ले देत होते.

घरी परतताना हॉरेस म्हणाले, "जाळ्यातून सुटलेला ससा पकडायला तू पुरा पडणार नाहीस. लर्चर हवा."

लर्चर म्हणजे धावत्या जातीच्या शिकारी कुत्र्याचं रक्त आणि त्यात टेरियर नाहीतर धनगरी कुत्र्याची अक्कल. पाय एकाकडून, डोकं दुसऱ्याकडून. निदान तशी आशा असते.

"कुत्रा घरात येणार असेल तर माझं ऐकायचं," लेनर्डची बायको गिलियन म्हणाली. ती दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळायची, त्यामुळे अटी घालण्याचा तिला सराव होता. "पिल्लू नको. मांजराला त्रास देणारा नको. आणि डॅड दिवसभर घरी एकटे असतात, त्यांना पाडेल असा घोडा तर मुळीच नको."

"आणि मी विचारल्याशिवाय ठरवायचं नाही," बारा वर्षांची टॅम्सिन म्हणाली. तिनं त्याच संध्याकाळी वाचनालयातून कुत्र्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि आठवडाभर जेवताना त्यातले पोटाचे विकार वाचून दाखवले.

लेनर्डला लर्चर हवाय ही बातमी एल्डरविकमध्ये पसरायला दीड दिवस लागला. त्यानंतर त्याला एकट्यानं रस्त्यावरून चालता येईना. पोस्टमन म्हणाला, व्हिपेट आणि बेडलिंग्टनचा संकर घ्या, दुसरं काही बघूसुद्धा नका. खाटिक म्हणाला, बेडलिंग्टन सोडून काहीही घ्या. दंतवैद्यानं लेनर्डच्या तोंडात आरसा घातलेला असताना त्याला सालुकी रक्ताचे दोष समजावून सांगितले, आणि लेनर्डला फक्त मान डोलावता येत होती, ती त्यानं डोलावली. प्रत्येकाकडे कधी ना कधी जगातला सर्वोत्तम लर्चर होऊन गेला होता. लेनर्डच्या असं लक्षात आलं, की सर्वोत्तम लर्चर नेहमी मेलेलाच असतो. जिवंत असलेले सगळे सोफ्यावर झोपतात आणि लोणी खातात.

मिसेस टिन्सलेंचं म्हणणं, अनाथ कुत्रा आणावा, पुण्य लागतं. म्हणून हिब्बर्ट कुटुंब आधी बेवारस कुत्र्यांच्या एका संस्थेत गेलं. तिथे अकरा पानांचा अर्ज होता. अर्ज भरणं हा लेनर्डचा प्रांत. त्यानं तो काळ्या शाईत, मोठ्या अक्षरांत, एकही खाडाखोड न करता भरला. मग संस्थेच्या एक बाई घर तपासायला आल्या. त्यांनी बागेत उभं राहून कुंपणाकडे पाहिलं, जसं डॉक्टर एक्स-रेकडे बघतात.

"सहा फूट हवं," त्या म्हणाल्या.

हिब्बर्टांचं घर कोपऱ्यावर, बाग रस्त्याला लागून. आणि रस्त्यालगत एक मीटरहून उंच कुंपण घालायचं तर परवानगी लागते. हे एल्डरविकमध्ये लेनर्डइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण 'आपले कुंपण: काय चालेल, काय चालणार नाही' ही पुस्तिका त्यानंच लिहिली होती. पुढच्या सोमवारी तो आपल्याच कचेरीत, आपल्याच खिडकीसमोर, टोपी हातात घेऊन रांगेत उभा राहिला. नियमाप्रमाणे त्याचा अर्ज त्याच्याकडे जाऊ शकत नव्हता, म्हणून तो त्याच्या हाताखालच्या मुलीकडे गेला. तिला त्यानंच शिकवलं होतं. ती पाहणीला आली, टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं, आणि "मिस्टर हिब्बर्ट, जरा सरळ धरा," म्हणाली. अहवालात तिनं लिहिलं: अर्जदार हजर होता व सहकार्य करीत होता.

एक हरकत आली. ती मिसेस टिन्सलेंची होती. सकाळचा उजेड अडेल, असं त्यांनी लिहिलं होतं.

"अहो, पण कुत्रा आणा असं तुम्हीच म्हणालात ना?" लेनर्डनं कुंपणावरून विचारलं. अजून कुंपणावरून विचारता येत होतं.

"कुत्र्याला माझी हरकत नाहीये, मिस्टर हिब्बर्ट. उंचीला आहे."

पाच आठवड्यांनी परवानगी मिळाली. अट एकच, कुंपण हिरवं रंगवायचं. कुठलाही अर्ज अगदी बिनशर्त मंजूर करू नये, काहीतरी अट घालावी म्हणजे खात्याचा वचक राहतो, हेही त्या मुलीला लेनर्डनंच शिकवलं होतं. नाताळच्या सुट्टीत त्यानं कुंपण उभं केलं, गोठलेल्या बोटांनी हिरवा रंग दिला, आणि संस्थेला कळवलं.

तोवर संस्था अर्जाच्या नवव्या पानावर पोचली होती. तिथे प्रश्न होता: कुत्रा कशासाठी हवा आहे? लेनर्डनं सरकारी माणसाच्या प्रामाणिकपणानं उत्तर दिलं होतं: 'फेरेटांच्या साहाय्याने ससे पकडणे, तसेच कौटुंबिक सहवास.' संस्थेचं पत्र आलं. आमचे कुत्रे कामाच्या घरी दिले जात नाहीत. ते आयुष्यभर पुरेसे राबले आहेत, त्यांना आता विश्रांती हवी आहे. क्षमस्व.

"म्हणजे निवृत्त झालेत?" हॉरेस म्हणाले. "मीही झालोय. माझी बाग तपासायला कुणी आलं नाही."

जानेवारी उजाडला. हिब्बर्टांकडे आता सहा फुटी हिरवं कुंपण होतं आणि आत कुत्रा नव्हता. वाफ्यांवरच्या सूचनाफलकावर क्रॅब्ट्रींच्या वळणदार हस्ताक्षरात एक कागद लागला: 'ससे – काम प्रगतिपथावर आहे. (सचिव)'. मंडळी तो वाचून लेनर्डकडे हसून बघत. सशांनी एव्हाना मिसेस टिन्सलेंचा कोबी संपवून अजमोद्याला हात घातला होता.

"सांगून टाक त्यांना, नाही जमलं म्हणून," गिलियन म्हणाली. "कुणी फाशी देणार नाहीये."

"नाही," लेनर्ड म्हणाला. त्याच्या लग्नाच्या अठरा वर्षांत त्यानं इतकं आखूड वाक्य बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं.

रेल्वेरुळांपलीकडे एका भंगारवाल्याकडे सीझर होता. ग्रेहाउंड आणि सालुकीचा संकर, वाळूच्या रंगाचा, उभा राहिला की पाठ जेवणाच्या टेबलाला लागायची. तो इतका देखणा होता की लेनर्डला त्याच्याशी बोलताना टाय सरळ करावासा वाटला. "आठवडाभर न्या. नाही पटला तर परत आणा," मालक म्हणाला. हे तो फारच पटकन म्हणाला, असं टॅम्सिनचं मत पडलं. पण तिचं कुणी ऐकलं नाही.

पहिल्या दिवशी सीझरनं ओट्यावरचा रविवारचा भाजलेला मांसाचा अख्खा तुकडा खाल्ला. त्यासाठी त्याला पुढचे पाय उचलावेही लागले नाहीत. डीन नावाचं मांजर कपाटाच्या माथ्यावर राहायला गेलं. टॅम्सिन त्याचं जेवण शिडीवरून पोचवू लागली. दुसऱ्या दिवशी हॉरेसनी मेबलला कुत्र्याच्या नाकासमोर धरलं, ओळख व्हावी म्हणून. सीझरनं प्रेमानं तोंड उघडलं. हॉरेसनी तिला झटकन स्वतःच्या शर्टात कोंबलं आणि घाबरलेली मेबल हॉरेसनाच चावली. चाळीस वर्षांत त्यांना फेरेट चावला नव्हता. ते खुर्चीत बसून राहिले, आणि टॅम्सिननं त्यांच्या छातीवर पट्टी चिकटवली.

तिसऱ्या दिवशी सीझरनं हिरवं कुंपण ओलांडलं. उडी मारली असं म्हणता येणार नाही. तो त्यावरून गेला, एवढंच. लेनर्ड रंगाचा डबा हातात घेऊन बघत राहिला. संध्याकाळी तिसऱ्या गावाहून फोन आला. सीझर एका लग्नाच्या जेवणावळीत होता, त्याचं वागणं उत्तम होतं, आणि नवरीच्या मामांनी विचारलं होतं की तो कुणाकडून आलाय.

परतताना त्याच्या गळ्यात पांढरी फीत होती. लेनर्डनं त्याला तसाच भंगारवाल्याकडे नेऊन पोचवला. मालकाला त्याला पाहून जराही नवल वाटलं नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टॅम्सिन पुस्तक परत करायला वाचनालयात गेली. तिथल्या फळ्यावर एक पत्त्याएवढा कागद टाचलेला होता: 'लर्चर कुत्री. चार वर्षांची. फेरेटांबरोबर काम केलेली. माणसं पाहून देणार.'

"माणसं पाहून म्हणजे?" लेनर्डनं विचारलं.

"म्हणजे आपल्याला बघणार," टॅम्सिन म्हणाली. "स्वच्छ शर्ट घाला."

मिसेस नेस्टा गारसाइड माळरानाच्या कडेला एका दगडी घरात राहत. वय एकोणऐंशी, अंगापिंडानं चिमणीएवढ्या. घरभर बांधलेली खोकी होती. त्या न्यूकॅसलला मुलीकडे जाणार होत्या. चौथा मजला, कुत्र्याला मनाई. एवढं त्यांनी एका दमात सांगितलं आणि तो विषय संपवला. चुलीपुढच्या चटईवर एक करडी, दाढीवाली, मध्यम उंचीची कुत्री पडली होती. भांडी घासायच्या काथ्यासारखे केस, एक कान उभा, दुसऱ्याचं अजून ठरलेलं नव्हतं. तिनं डोळा उघडून चारही पाहुण्यांकडे पाहिलं आणि मिटला.

लेनर्डचा चेहरा पडला. सीझरला पाहिल्यानंतर कुठलाही कुत्रा जरा घरगुतीच वाटायचा, पण ही तर अगदीच.

"बसा," मिसेस गारसाइड म्हणाल्या. एक जाळं त्याच्यासमोर टाकलं. "गुंडाळून दाखवा."

लेनर्डनं गुंडाळलं. त्यात त्याच्या कोटाचं बटण गुंडाळलं गेलं. टॅम्सिननं ते त्याच्या हातातून घेतलं, सोडवलं आणि नीट गुंडाळून दिलं. आजोबांनी तिला केव्हा शिकवलं ते लेनर्डला माहीतच नव्हतं.

"घरी दिवसा कोण असतं?"

"डॅड असतात," गिलियन म्हणाली.

मिसेस गारसाइडनी हॉरेसच्या काठीकडे पाहिलं. "खुबा?"

"डावा."

"माझा उजवा." मग बराच वेळ दोघं बाकीच्यांना विसरून फेरेटांविषयी बोलत बसली, आणि तेवढ्यात कुत्री उठून हॉरेसच्या कोटाचा खिसा हुंगायला लागली. खिशात मेबल होती. मेबलनं डोकं बाहेर काढलं. कुत्रीनं तिचं नाक एकदा चाटलं, आणि कामावरच्या सोबतिणीला भेटल्यासारखी शेपटी दोनदा हलवून परत चटईवर गेली.

"आणि तू?" बाईंनी टॅम्सिनला विचारलं. "तुला ससे मारलेले चालतात?"

लेनर्डनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. हा प्रश्न घरात कुणीच तिला विचारला नव्हता.

"आवडत नाही," टॅम्सिन विचार करून म्हणाली. "पण मी सशाचं मटण खाते, मग आवडत नाही म्हणून काय उपयोग. मारायचा तर पटकन मारायचा. आणि खायचा. टाकून द्यायचा नाही."

मिसेस गारसाइड पहिल्यांदा हसल्या. मग लेनर्डकडे वळल्या, आणि हसू गेलं. "हिचं नाव नेल. बीळ भरलेलं असेल तर नेल त्याच्यापुढे उभी राहते. रिकामं असेल तर पुढे जाते. ती चुकत नाही. तुमचं काम एवढंच, की तिचं ऐकायचं. माझ्या नवऱ्याला ते कधी जमलं नाही."

"मला जमेल," लेनर्ड म्हणाला.

"बघू," त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी नेलला दारापर्यंतही पोचवलं नाही. त्या खोक्यांवर नावं लिहायला बसल्या, पाठमोऱ्या.

नेल घरी आली. डीनकडे तिनं पाहिलं नाही, म्हणून दोन दिवसांनी अपमान झाल्यासारखा तो स्वतःच कपाटावरून खाली उतरला. ओट्यावरच्या मांसाला तिनं तोंड लावलं नाही. हॉरेस बागेत जायला उठले की ती उठे, आणि त्यांच्या काठीच्या वेगानं चाले.

पुढच्या रविवारी सकाळी लेनर्डनं मंडळाला बोलावलं. नुसतं जाऊन ससे पकडून आला असता तरी चाललं असतं, पण फलकावरचा तो कागद त्याच्या डोक्यात होता. मंडळाची माणसं फ्लास्क घेऊन हजर राहिली. क्रॅब्ट्री आपल्या छपरीच्या दारात हाताची घडी घालून उभे होते. ही छपरी त्यांनी स्वतः बांधलेली. तिच्या खिडकीतून ते तीन हिवाळे सशांवर पहारा करत आले होते.

लेनर्डनं नेलला बांधाकडे नेलं. ती पहिल्या बिळाशी थांबली, हुंगलं, पुढे गेली. दुसरं. तिसरं. एकवीसच्या एकवीस बिळं तिनं बाजारातली शिळी भाजी नाकारत जावी तशी नाकारली.

"दमली वाटतं," क्रॅब्ट्री म्हणाले. दोघंचौघं हसले.

नेल बांध सोडून वाफ्यांमधून चालू लागली. मिसेस टिन्सलेंचा अजमोदा ओलांडला. थेट क्रॅब्ट्रींच्या छपरीपाशी गेली आणि खालच्या फळीसमोर उभी राहिली. पुढचा एक पाय उचललेला, मान पुढे. एक केस हलत नव्हता.

"इथे काय आहे?" कुणीतरी विचारलं.

"इथे काही नाही," क्रॅब्ट्री म्हणाले. "इथे मी असतो. तिला बांधाकडे न्या, हिब्बर्ट. ससे बांधात आहेत, हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल."

लेनर्डनं बांधाकडे पाहिलं. नोव्हेंबरात ससे तिथेच होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, त्यातल्या एकानं त्याच्याकडेही पाहिलं होतं. त्यानं हॉरेसकडे पाहिलं. हॉरेस घडीच्या खुर्चीत बसून समोर बघत होते. ते काहीच सांगणार नव्हते. चूक झाली तर ती एकट्या लेनर्डची असणार होती, आणि ती सगळ्या एल्डरविकला पुढची वीस वर्षं पुरणार होती.

नेलनं पाय खाली ठेवला नव्हता.

"अध्यक्षमहाराज," लेनर्ड म्हणाला, "फळ्या काढाव्या लागतील."

"माझ्या छपरीच्या?"

"नियम अकरा. उपद्रवी प्राण्यांच्या बंदोबस्तासाठी सचिवाला कुठल्याही वाफ्यावरचं बांधकाम तपासता येतं."

"हा नियम कुणी केला?"

"तुम्ही. एकोणीसशे एक्याऐंशी साली. इतिवृत्त घरी आहे, आणून दाखवू का?"

लेनर्डनं कोट काढून मिसेस टिन्सलेंच्या हातात दिला आणि गुडघ्यांवर बसला. छपरीभोवती तो तीनदा रांगला. कोपऱ्यातलं गवत हातानं बाजूला सारलं, खालच्या सैल फळ्या काढल्या, पाण्याचं पिंप सरकवलं, मोडक्या कुंड्या उचलल्या. नऊ तोंडं सापडली. टॅम्सिन त्याच्यामागे रांगत होती, तिनं दहावं दाखवलं. दहा जाळी लागली. हॉरेसनी मेबलला पुढे केलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. क्रॅब्ट्री घड्याळ बघू लागले. मग त्यांच्या पायाखाली, अगदी बुटांच्या तळव्यांखाली, धडधड झाली, आणि त्यांनी घड्याळावरून नजर काढली.

पहिला ससा पिंपाच्या बाजूच्या जाळ्यात आला. दुसरा आणि तिसरा एकाच जाळ्यात. लेनर्ड एका जाळ्याकडून दुसऱ्याकडे धावत होता. हॉरेसनी शिकवलं होतं तसं मानेवर हात, एक झटका, की झालं. एकदाही झटका दोनदा द्यावा लागला नाही. टॅम्सिनचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं मान फिरवली नाही, जाळी परत लावत राहिली. नऊ झाले, दहा झाले. आणि मग अकराव्या तोंडाचा पत्ता लागला. ते छपरीच्या आत होतं, क्रॅब्ट्रींच्या खुर्चीखाली. एक भलाथोरला ससा जमिनीच्या फळीतून वर आला, खुर्ची उलथवली, आणि अध्यक्षांच्या दोन पायांमधून वाफ्यांकडे सुटला.

नेल जागची हलली कधी ते कुणी पाहिलं नाही. तो ससा वळला, ती आधीच वळलेली होती. पाच-सहा ढांगांत तिनं त्याला गाठलं, आणि तोंडात हलकेच, जिवंत, अंड्यांचं टोपलं आणावं तसा आणून लेनर्डच्या हातात दिला.

अकरा ससे झाले. मेबल स्वतःहून बाहेर आली आणि अंग झटकून उभी राहिली.

क्रॅब्ट्री उलथलेल्या बादलीवर बसले होते. "तीन वर्षं," ते म्हणाले, "मी त्यांच्या छपरावर बसून त्यांच्यावर पहारा करत होतो."

कुणी हसलं नाही. मिसेस टिन्सलेंनी त्यांच्या हातात फ्लास्कच्या झाकणात चहा दिला. पकडलेल्यांपैकी दोन ससे क्रॅब्ट्रींनी घरी नेले, आणि फलकावरचा कागद जाता जाता स्वतःच काढून खिशात घातला. परतताना हॉरेसनी मेबलला खिशातून काढून लेनर्डच्या कोटात ठेवलं. "घे," म्हणाले. "माझा हात भरलाय." त्यांच्या हातात फक्त काठी होती. मेबल लेनर्डला चावली, पण मनापासून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला जाण्याआधी लेनर्डनं न्यूकॅसलला फोन लावला. बांध, छपरी, नऊ तोंडं, दहावं, अकरावं, सगळं त्यानं क्रमानं सांगितलं.

"झोपली कुठे?" मिसेस गारसाइडनी विचारलं.

लेनर्ड घुटमळला. स्वयंपाकघरात नवी कोरी टोपली होती, गादीसकट, टॅम्सिनच्या पुस्तकाबरहुकूम निवडलेली. तिच्यात डीन झोपला होता. खोटं बोलणं सोपं होतं. पण त्याला नवव्या पानावरही ते जमलं नव्हतं.

"आमच्या पलंगावर," तो म्हणाला. "मी... मी जरा कडेला होतो."

पलीकडे खोकं सरकवल्याचा आवाज झाला. मग त्या बोलल्या तेव्हा आवाज जरा वेगळा होता.

"डाव्या अंगाला झोपते ती. भिंतीकडे. पहाटे पाय ताणते, तेवढी जागा ठेवत जा."

"ठेवतो," लेनर्ड म्हणाला.